स्थिर वजन

लाकडात पाणी किती आहे हे शोधायची सगळ्यांत खात्रीची रीत अगदी साधी आहे. तुकडा कापायचा, वजन करायचं आणि एकशे तीन अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवायचा. काही तासांनी काढून पुन्हा वजन, पुन्हा आत. लागोपाठची दोन वजनं जुळली की समजायचं, आतलं पाणी संपलं. त्याला आम्ही स्थिर वजन म्हणतो. मग थोडी वजाबाकी, थोडा भागाकार आणि खाली सही. रबाळ्याच्या एका तपासणी प्रयोगशाळेत मी सोळा वर्षं हेच करते आहे. प्लायवूड तीन तीन दिवस उकळते, पार्टिकल बोर्डात पिळलेले स्क्रू यंत्राने उपसून काढते, सागाच्या पट्ट्या मोडेपर्यंत वाकवते. हवा बदलली की लाकूड फुगतं, आकसतं, कुरकुरतं. यात गूढ काही नाही. माझ्या सासूबाईंचे गुडघेही तेच करतात.

त्या दिवशी प्रितेशने, म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या सहकाऱ्याने, एक फळी आणून माझ्यापुढे ठेवली. हातभर लांब, दोन्ही टोकं करवतीने कापलेली, एका अंगाला निळ्या रंगाचे पापुद्रे. नमुन्यावर आमच्याकडे फक्त क्रमांक असतो. तपासणाऱ्याचं मन कुठे झुकू नये म्हणून गिऱ्हाइकाचं नाव झाकलेलं असतं. पण प्रितेशला न कळलेली गोष्ट आमच्या इमारतीत नाही.

"जुन्या होडीची फळी आहे, ताई. कोणी इंटिरियरवाला डायनिंग टेबल बनवतोय. सध्या लय फॅशन आहे त्याची."

"कुठल्या होडीची?"

"ते थोडंच लिहून देतात? भंगारातून उचलली असेल."

माझ्या नवऱ्याची होडी निळीच होती. पण पनवेलच्या खाडीतल्या निम्म्या होड्या निळ्या असतात, हे मला तेव्हाही माहीत होतं आणि आताही आहे.

आमचं गाव खाडीच्या काठाला होतं. विमानतळासाठी गाव उठलं आणि आम्ही करंजाड्याला राहायला आलो. शिवरामचं, माझ्या नवऱ्याचं, मन मात्र खाडीवरून उठलं नाही. तो सायकल काढून जायचा, होडी लोटायचा. ओहोटीला काठाशी नुसता चिखल असतो, होडी लागत नाही, म्हणून परतायचं ते भरतीच्या पाण्याबरोबर. त्यामुळे आमच्या घरी जेवणाची वेळ घड्याळावर नव्हती, भरतीवर होती. माझ्या सासूबाई, वेणूबाई, तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. सात वर्षांपूर्वी एका दुपारी तो गेला. भरती आली, तो आला नाही. होडी सापडली नाही, वल्हं नाही, चप्पलसुद्धा नाही.

वेणूबाई अजूनही दिवसाच्या भरतीला पाट मांडतात आणि त्याचं ताट वाढून ठेवतात. तासाभराने, नाहीतर कामावरून आल्यावर, ते ताट मी जेवते. म्हणून भाताला आम्हाला दोनच मापं तांदूळ लागतात. मी शिकलेली बाई आहे, हे सगळं कधीच बंद करू शकले असते. केलं नाही, कारण मला तो हवा होता. पोटऱ्यांपर्यंत चिखलाने भरलेला, दारातूनच "काय हाय जेवायला?" विचारणारा. सात वर्षांनीही हवा होता, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

माझा धाकटा दीर दत्तू. माणूस वाईट नाही. त्याने आणलेला कोर्टाचा अर्ज महिनाभर आमच्या फ्रिजवर पडून होता.

"सात वर्षं झाली, वहिनी. गावाच्या बदल्यात भेटलेला प्लॉट दादाच्या नावावर हाय. दादा मयत ठरल्याबिगर तिथं वीट लावता येनार नाय. तुमची एक सही ऱ्हायलीय."

"हातातलं एक काम संपू द्या, भाऊजी. मग करते."

ते काम म्हणजे ही फळी. मी तिचा छोटा ठोकळा कापला. शेजारी, पडताळ्यासाठी, दुसऱ्या एका सागाचा तेवढाच ठोकळा ठेवला. आणि मनातल्या मनात ठरवून टाकलं की याची दोन वजनं जुळली की सही करायची. असं काहीतरी ठरवायला मी कोण, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. सोळा वर्षं एकच रीत पाळणाऱ्या माणसाला सगळं तिच्यातच बसवायची खोड लागते.

पडताळ्याचा ठोकळा दुसऱ्या दिवशी स्थिर झाला. होडीचा सकाळी दहाला अडतीस ग्रॅमवर उतरला. दुपारी पावणेचारला तो एकोणचाळीस ग्रॅमच्या वर गेला होता.

तापलेल्या कोरड्या ओव्हनमध्ये लाकूड जड होत नाही. मी तराजू तपासला, ओव्हनचा तापमापक बदलला. प्रितेशने दुसऱ्या तराजूवर स्वतः वजन केलं.

"बॅलन्सचा लोचा असेल, ताई. टेन्शन नका घेऊ."

पुढच्या दिवशीही ठोकळा सकाळी उतरला आणि दुपारी चढला. सगळ्यात जास्त वजन भरलं साडेचारला. त्याच्या पुढच्या दिवशी सव्वापाचला. संध्याकाळी मी तीन दिवसांची वही समोर घेऊन बसले. शिखर रोज पाऊण तासाने पुढे सरकत होतं.

घरी गेल्यावर मी वेणूबाईंना सहज विचारल्यासारखं विचारलं, "आई, परवा भरती कधी होती?"

"परवा पंचमी. पावनेचारला." त्या वालाचे दाणे सोलत होत्या. "काल साडेचार. आज सव्वापाच. कशाला गं?"

"काही नाही."

मी त्यांच्याजवळ बसले आणि दाणे सोलायला घेतले.

अष्टमीला पाणी अशक्त असतं, भरती जेमतेम चढते. त्या दिवशी ठोकळ्याची दोन वजनं जवळजवळ जुळली. फरक चार मिलिग्रॅम. दोन असता तर नियमाप्रमाणे काम संपलं असतं. प्रितेश म्हणाला, "चारच तर आहे. टाका ना लिहून, ताई. गिऱ्हाईक रोज फोन करतंय." मी ठोकळा परत आत ठेवला. नमुना स्थिर होऊ नये म्हणून मी देवाचं नाव घेतलं, ते सोळा वर्षांत त्या एकाच दिवशी.

नवमीपासून पाणी वाढायला लागलं आणि वजनही. आता ओव्हनचं दार उघडलं की तापलेल्या लाकडाचा वास येत नसे. चिखलाचा येई, ओहोटीला उघड्या पडलेल्या चिखलाचा. ट्रेवर ठोकळ्याभोवती पांढरी रेघ धरू लागली. मी बोट लावून जिभेवर टेकवलं. मीठ होतं. प्रितेशने हे पाहिलं. त्यानंतर त्याला त्या ओव्हनमधलं काही हवं असलं की तो ते माझ्याकडून मागून घ्यायचा.

मी सुखात होते, हे कबूल करायला हवं. दिवसातून सहा वेळा मी ते दार उघडत होते. बसमध्ये आकडे पाठ म्हणत होते. कोणीतरी येतं आहे आणि जातं आहे, एवढं मला पुरेसं होतं. त्रयोदशीला तर डब्यातली बोंबलाची चटणी मी ओव्हनजवळ उभी राहून खाल्ली. त्याला ती आवडायची.

अमावस्येला उधाण. पाऊणपटीने सव्वाअकरा येतात, पण उधाणाचं पाणी आमच्या खाडीत बारापर्यंत चढत राहतं. त्या दिवशी वजन कधी नव्हे इतकं चढणार, असा माझा हिशेब होता.

सकाळी दहाला ठोकळा अडतीस ग्रॅम, एकशे चौदा मिलिग्रॅम.

अकराला तेवढाच.

मी तराजू पुसला. खिडकी लावून घेतली. पंखा बंद केला.

बाराला अडतीस, एकशे चौदा.

साडेबाराला अडतीस, एकशे चौदा.

दार उघडल्यावर वास आला तो तापलेल्या सागाचा. बाकी कसलाही नाही. ठोकळा मी चिमट्याशिवाय हातात घेतला, बोटं भाजली तरी धरून ठेवला. पापडासारखा हलका लागला. त्यात कोणी नव्हतं.

मी रिपोर्ट लिहिला, सही केली आणि अर्ध्या दिवसाची रजा टाकली. प्रितेश खालपर्यंत सोडायला आला.

"ताई, जुळलं ना एकदाचं?"

"जुळलं."

"मग रडताय कशाला?"

करंजाड्याला पोचले तेव्हा साडेतीन वाजले होते. वेणूबाई दारात पाय पसरून बसल्या होत्या. आत पाट मांडलेला होता, पण त्यापुढे ताट नव्हतं. ताट घासून मांडणीवर पालथं ठेवलं होतं.

"आई, माझं जेवण?"

"आज काय उरलं नाय तुला."

"म्हणजे?"

"तो आला व्हता ना. बाराला. जेवला आनि गेला." त्यांनी गुडघा चोळला. "बांगडा थोडा खारट झालाय म्हनाला."

वेणूबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. त्यांनी स्वतःच खाल्लं असेल. कुत्र्याला घातलं असेल. मी केराची बादली पाहिली. बांगड्याचे काटे मोठ्यापासून लहानापर्यंत ओळीने कागदावर लावून, कागद दुमडून ठेवला होता. असे काटे वेणूबाई लावत नाहीत. मीही लावत नाही.

"कुठे गेला, आई?"

"पान्याबरोबर. रातच्या भरतीला येल. तवा तू वाढ, मला जागवत नाय."

मी तो कागद तसाच परत ठेवला. हात धुतले नाहीत.

सहाला दत्तू अर्ज आणि पेन घेऊन आला. बसायला जागा करावी म्हणून त्याने पाट भिंतीला लावायला उचलला आणि मध्येच थांबला.

"हा एवढा जड कशानं झाला?" त्याने पाट उलटा केला, तळवा फिरवला आणि हात विजारीला पुसला. "ओला हाय, वहिनी. आतून ओला हाय. कुनी भिजवला?"

फरशी कोरडी होती.

रद्दीवाला फसवतो म्हणून मी एक टांगायचा काटा आणून ठेवला आहे. तो खुंटीला अडकवला, पाट सुतळीने बांधून त्याला लावला. चार किलो दोनशे. दत्तूने पेन माझ्या हातात दिलं. मी अर्ज घेतला आणि सहीच्या जागेवर तो आकडा लिहिला. पुढे वेळ लिहिली, सहा वाजून दहा मिनिटं.

"वहिनी, हे काय करता? सही करायचीय तिथं."

"अजून एक वजन व्हायचंय, भाऊजी."

आत वेणूबाई रात्रीच्या भाताचे तांदूळ काढत होत्या. एक माप परातीत पडलं. दुसरं पडलं. यानंतर डब्याचं झाकण लागल्याचा आवाज येतो, सात वर्षं येतो आहे. मी आणि दत्तू दोघंही त्या आवाजाची वाट पाहत उभे होतो.

तिसरं माप परातीत पडलं.