पाद्र्याच्या बायकोवरून भांडण

थंडीचे दिवस. भालकीहून बीदरकडं निघालेली सकाळची बस खच्चून भरलेली, काचा घट्ट लावलेल्या, आणि खिडकीशी बसलेली स्नेहा मांडीवरच्या पुस्तकात पेन्सिलीनं खुणा करण्यात गुंग. तेच पुस्तक तिला थोड्या वेळात बी.ए.च्या वर्गाला शिकवायचं होतं.

"ती मैत्रीण आहे न्हवं... या पुस्तकात ती एकटीच शहाणी आहे बगा."

स्नेहानं मान वर केली. शेजारी चौकटीचा शर्ट घातलेला, गळ्याला मफलर गुंडाळलेला एक तरुण तिच्या पानावर निवांत नजर लावून बसला होता.

"तुम्ही माझं पुस्तक वाचायलाव?"

"वाचायचं झालंय कवाच. तुम्ही पान उलटायला उशीर करायलाव, म्हणून बोललो."

पुस्तक होतं दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडातलं. त्यातली नायिका प्रेमाशिवाय लग्न करायला तयार नसते. एक बावळट, बढाईखोर पाद्री तिला मागणी घालतो, ती त्याला वाटेला लावते. आणि तिची सत्तावीस वर्षांची, रूपानं साधी, गरीब मैत्रीण त्याच पाद्र्याशी मुकाट लग्न करून मोकळी होते... का, तर हक्काचं घर मिळतंय म्हणून! त्या पानापाशी आलं की स्नेहाचं डोकं दर वेळी तापायचं.

"घरासाठी लग्न केलं तिनं," ती म्हणाली. "त्याला शहाणपण म्हणता?"

"घर मिळालं की न्हाई? मिळालं. फसवणूक झाली का? न्हाई. प्रेम म्हणजे भांडवल नसताना उघडलेलं दुकान हो, मॅडम. पाटी मोठी, माल न्हाई."

"नाव काय तुमचं?"

"राम."

"नाव राम, आणि बोलणं दलालाचं!" म्हणून तिनं पुस्तक फाटकन मिटलं.

बीदरच्या अलीकडं नौबादला ती उतरली, तर हाही उतरला. ती कॉलेजच्या फाटकातून आत शिरली, तर हाही मागोमाग. शिपायाला अडवायला सांगावं असं तिच्या मनात आलं, तोवर प्राचार्य हणमंतप्पा सरच समोर आले. "या, या! मॅडम, हे राम सर. अर्थशास्त्राचे नवे गेस्ट लेक्चरर. खटकचिंचोळीचे."

झालं. तेव्हापासून रोज तीच बस आणि रोज तेच भांडण.

वैताग असा की तो आवाज चढवायचा नाही. ती तावातावानं बोलायची, तो शेंगा सोलत ऐकायचा. अर्ध्या शेंगा स्वतः खायचा, अर्धे दाणे तिच्या पुस्तकावर ठेवायचा. ती रागानं बोलता बोलता ते खाऊन टाकायची आणि मग स्वतःवरच चिडायची. एकदा तो आला नाही, तर शेजारी बसलेल्या आजीबाईला तिनं उगाचच विचारलं, "खटकचिंचोळीहून भालकीला येणारी गाडी आज उशिरा आहे का हो?"

प्राचार्यांच्या कानावर ही भांडणं गेलीच. त्यांनी हॉलमध्ये त्या कादंबरीवर चर्चाच ठेवली. इंग्रजीच्या मॅडम प्रेमाच्या बाजूनं, अर्थशास्त्राचे सर व्यवहाराच्या बाजूनं. पोरं बाकांवर दाटीनं बसली. स्नेहाचं भाषण रंगात आलं होतं. "ज्या घरात दोन माणसांना एकमेकांशी बोलायला मीठ-चहापलीकडं विषय नसतो..." ती म्हणाली आणि थबकली, कारण हे पुस्तकातलं नव्हतं. तिच्या आईअप्पांचं होतं. पुढचं वाक्य वरून गेलेल्या एअरफोर्सच्या विमानानं गिळलं, ते एका परीनं बरंच झालं.

विमानाचा आवाज विरला, तशी मागच्या बाकावरून दानेश्वरी उभी राहिली. शेवटच्या वर्षाची, वर्गातली हुशार पोरगी.

"मॅडम, नायिकेनं न्हाई म्हटलं, ठीक. तिला पुढं चांगला मिळाला. माझं लग्न परीक्षेनंतर ठरवायलेत घरी. मी न्हाई म्हटलं तर मला कोण मिळणार? आणि तवर घरात ठेवून कोण घेणार?"

स्नेहाजवळ सुंदर सुंदर वाक्यं होती, पण त्यातलं एकही या पोरीच्या हातात देण्यासारखं नव्हतं.

"त्या मैत्रिणीपुढं दुसरी वाट न्हवती, दानेश्वरी," राम म्हणाला. "पाद्री न्हाईतर भावाच्या दारात जन्मभर. म्हणून मी तिला शहाणी म्हणायलोय. तुझ्यापुढं बी.एड. आहे. अर्ज कर. घरी बोलायला मी येतो."

हे आपण बोलायला हवं होतं! स्नेहाला त्याचाच संताप आला. बाहेर आल्यावर तो म्हणाला, "तुम्हीपण चला रविवारी. मी एकटा गेलो तर मलाच जावई करून घेतील." ती हसली आणि हसल्याचाही तिला राग आला.

रविवारी दोघं बीदरपलीकडच्या तिच्या गावी गेले. दानेश्वरीच्या वडिलांशी तो कन्नडमधून शेतीबद्दल, पावसाबद्दल, बैलांबद्दल बोलत राहिला. स्नेहा आत तिच्या आईपाशी चुलीजवळ बसली. निघताना वडील दारापर्यंत आले. "दोन वर्षं थांबतो," म्हणाले. येताना बसमध्ये कुणालाच भांडायचं सुचेना. नौबादपाशी ब्रेक लागला तेव्हा त्याचा हात तिच्या हातावर टेकला आणि उचलायला अंमळ उशीर झाला...

नेमकं त्याच आठवड्यात पुण्याचं स्थळ आलं.

मुलगा प्रशांतकुमार. मूळचा बसवकल्याणचा, आता पुण्यात इंजिनियर, स्वतःचा फ्लॅट. बोलायला मऊ. चहा पिऊन कप स्वतः आत नेऊन ठेवला. नाव ठेवायला जागाच नाही, हाच स्नेहाचा वैताग. तिचे वडील श्रीमंतअप्पा त्या दिवसापुरतं बी-बियाण्यांचं दुकान बंद ठेवून घरी बसले होते. आई चंद्रभागाबाई सारखी तिच्या तोंडाकडं बघत होती. अठ्ठावीस वर्षांची लेक, तात्पुरती नोकरी, आणि असं स्थळ!

दुसऱ्या दिवशी बसमध्ये तिनं रामला सांगितलं. सांगताना ती त्याच्याकडंच बघत होती.

त्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग तो म्हणाला, "चांगलं आहे की. व्हय म्हणा."

"बस? एवढंच?"

"चांगला माणूस, पक्की नोकरी, घर. मी तर पयल्या दिवसापासून हेच सांगायलोय."

"व्हय," स्नेहा म्हणाली. "तुम्ही हेच सांगायलाव." आणि तिनं उरलेला प्रवास खिडकीबाहेरच्या लाल मातीकडं बघत काढला. संध्याकाळी घरी जाऊन ती आईला म्हणाली, "चालेल मला." प्रेमावर वर्गच्या वर्ग गाजवणारी बाई, तिनं लग्नाला होकार दिला तो रागाच्या भरात.

येळवसेला, रानात पूजा करून तिथंच जेवायच्या अवसेला, सगळा स्टाफ रामच्या शेतावर जेवायला जाणार होता. जाऊ नये असं ठरवून स्नेहा सगळ्यांच्या आधी जीपमध्ये जाऊन बसली.

खटकचिंचोळीच्या त्या रानात ज्वारी डोक्याएवढी उभी होती. कडब्याच्या कोपीत पूजा मांडलेली, बाहेर पंगत बसलेली. भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातली गार आंबील. राम वाढत होता. तिच्या पानाशी आला की नजर चुकवायचा. त्याची थोरली बहीण शैलश्री मात्र जेवणं झाल्यावर थेट तिच्याजवळ येऊन बसली. शिलाईचा व्यवसाय करणारी, मोकळ्या तोंडाची बाई.

"तुम्हीच त्या प्रेमवाल्या मॅडम?" शैलश्री हसली. "आमचा राम घरी तुमचंच बोलणं सांगतोय रोज. आणि त्याचं बोलणं कुठून आलंय ठाऊक आहे? माझ्यावरून. मी पळून जाऊन लग्न केलं. नवरा सोडून गेला. तवापासून हा जगाला शहाणपण शिकवायलाय."

"वाईट झालं, अक्का."

"वाईट झालं, व्हय. पण मला कुणी विचारलंय का? माणूस खोटा निघाला, मॅडम. माझं प्रेम काय खोटं न्हवतं. मला पस्तावा न्हाई. भाऊ मात्र मला धडा करून ठेवायलाय पुस्तकातला. लई वैताग आलाय त्याचा!" तिनं लांबवर बोट केलं. "तो बगा, बांधावर एकटा उभा आहे. तुमचं पुण्याचं ठरल्यापासून जेवणावर लक्ष न्हाई त्याचं."

स्नेहा उठली. ज्वारीतून वाट काढत, अंगावर पानांचे ओरखडे घेत, तरातरा बांधावर गेली.

"तुम्ही मला व्हय म्हणायला कामून सांगितलं?"

राम दचकून वळला. "कारण ते बरोबर होतं."

"मग जेवत कामून न्हाई?"

वाऱ्यानं कणसं हलली. तो एकदम बोलायला लागला. नेहमीसारखा निवांत नाही, धडपडत. "हे बगा मॅडम. माझी नोकरी दर वर्षी जाती-येती. शेत आहे, पण पाण्याची खात्री न्हाई. मला पुणं आवडत न्हाई. अक्काला मी सोडून राहणार न्हाई. भांडतो तर किती, ते तुम्हाला ठाऊकच आहे. तुमच्या जागी मी असतो, तर मी मला व्हय म्हटलं नसतं."

"देवा!" स्नेहानं कपाळाला हात लावला. "हे... मागणी घालायलाव की टाळायलाव?"

"मलाच कळंना झालंय."

"व्हय म्हणायचं एक तरी कारण सांगा!"

"न्हाई ना..." त्याचा आवाज खाली गेला. "सगळ्या बाजूंनी बघितलं. एक पण कारण बसत न्हाई. तरी सकाळी बसमध्ये तुमच्या शेजारची जागा रिकामी दिसली की मला... मी त्या दिवशी व्हय म्हणा म्हटलं, आणि तवापासून नीट श्वास घेता येईना झालाय. त्याचाच तर वैताग आलाय, स्नेहा."

मॅडम नाही. स्नेहा. तिला हसू आलं, डोळ्यांत पाणी आलं, आणि या माणसाला बांधावरून ढकलून द्यावं असंही वाटलं. या तिन्हींऐवजी तिनं चौथंच केलं. फोन काढला.

प्रशांतकुमारला तिनं आधी लावला. अवघड होतं ते. चांगल्या माणसाला नाही म्हणायला फार जड जातं. "चूक तुमची न्हाई. मी रागात व्हय म्हटलं होतं. माफ करा," ती म्हणाली. तो म्हणाला, "आधी सांगितलंत, बरं झालं. लग्नानंतर कळण्यापेक्षा." आणि त्यानं शांतपणे फोन ठेवला.

मग अप्पांना. राम समोर उभा, हात कुठं ठेवावेत हे न कळून.

"अप्पा, पुण्याच्या स्थळाला मी न्हाई म्हटलंय. आत्ताच."

पलीकडं खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग, "कामून?"

"इथं एकजण आहे. खटकचिंचोळीचा. कॉलेजातच आहे माझ्या."

"पक्का आहे का नोकरीत?"

"न्हाई."

"मग करतोय काय?"

स्नेहानं रामकडं बघितलं. मफलरचं एक टोक सुटून लोंबत होतं आणि तो फाशीची शिक्षा ऐकायला उभा असल्यासारखा उभा होता.

"भांडतो, अप्पा. माझ्याशी."

"रोज?"

"रोज."

अप्पांनी सुस्कारा सोडला. त्यात राग होता, थकवा होता, आणि कुठंतरी हसूही असावं. "उद्या दुकानावर पाठव त्याला. माझ्याशी किती भांडतोय बगतो."

तिनं फोन ठेवला.

"काय म्हटले?" रामनं मफलरचं सुटलेलं टोक मुठीत धरलं.

"उद्या बोलावलंय. आणि हे बगा, अप्पांपुढं ते मघाचं सगळं मुळीच बोलायचं न्हाई. नोकरी जाती, पाणी न्हाई, काही न्हाई."

"पण खरं ते सांगायला पायजे की न्हाई? आधीच सांगितलेलं बरं. त्यांना पुढं—"

"राम!"

"...व्हय."

"आता एकदा तरी गप्प बसा."

तो गप्प बसला. आणि त्यानं तिचा हात हातात घेतला. या वेळी ब्रेक कुणीच लावला नव्हता.