राहिलेला एक शब्द

आमच्या काफ गावाहून दक्षिणेतल्या शोत्तपर्यंत जायला सहा तास लागतात. आम्हाला आठ लागतात, कारण सासूबाई दर तासाला गाडी थांबवतात आणि थांबलं की सगळ्यांना बसीसा चारतात. गहू-हरभऱ्याचं भाजलेलं पीठ, ऑलिव्हच्या तेलात कालवलेलं, वर दोन खजूर. "हे पोटात असलं की पाय आपोआप पळतात," असं त्या गेली वीस वर्षं सांगतायत. स्वतः त्यांना पळताना मी कधी पाहिलेलं नाही.

आम्ही सगळे त्यांना लल्ला म्हणतो. दर जानेवारीत शोत्तवरच्या शर्यतीला आमचं बिऱ्हाड निघतं. लल्ला, माझा नवरा रिधा, गाडी चालवायला धाकटा दीर मोहसिन, त्याची बायको दोर्साफ, आणि माझ्या शाळेत भूगोल शिकवणारी कौसर. धावणाऱ्या आम्ही तिघी. पुरुष पाणी, ब्लँकेटं आणि सल्ले द्यायला.

"मी तर बाई खजूर खायला येते," कौसर दर वर्षी म्हणते. "शर्यत वाटेत लागते म्हणून धावते."

ती शेवटून दुसरी येते आणि त्याचं तिला काही वाटत नाही. देवाने माझ्या वाट्याला तो स्वभाव दिला नाही.

मी गणित आणि विज्ञान शिकवते. नजर, दृष्ट, गंडेदोरे यांवर माझा विश्वास नव्हता. आणि स्पष्टच सांगते, दोर्साफ माझ्या डोळ्यांत खुपत होती. लग्न होऊन आली तेव्हा तिला आमचा जिना चढताना धाप लागायची. तिचे पहिले बूट मी घेतले. पहाटे काफच्या चढावर तिला हाताला धरून मी पळवलं, श्वास कसा घ्यायचा, टाच कशी टेकायची, सगळं मी शिकवलं. गुरूची विद्या गुरूला फळली. तीन वर्षांत ती माझ्यापुढे गेली आणि सहा शर्यती पुढेच राहिली. लल्लांच्या टीव्हीवरच्या फळीवर माझे चषक होते, ते मागे सरकले आणि पुढे तिचे आले. धूळ पुसताना मला रोज दिसायचे. त्यातून मेली गोड इतकी की भांडताही येत नाही. शर्यत संपली की पहिली माझ्याच गळ्यात पडायची. "ताई, हे सगळं तुझं आहे हं!"

माझं असेल तर दे की मग.

मला एकदा तिच्यापुढे यायचं होतं. एकेचाळीस वय झालं होतं माझं. यंदा नाही तर कधीच नाही, हे गणित मला चांगलं कळत होतं.

शोत्त म्हणजे वाळलेलं मिठाचं तळं, नजर पोचेल तिथवर पांढरं. मधून बांधावर एक सरळ डांबरी रस्ता जातो, दोन्ही बाजूंना चर, चरांत गुलाबी पाणी. झाड नाही, घर नाही, वळण नाही. साडेदहा किलोमीटर जायचं, रस्त्यात निळं पिंप ठेवलेलं असतं, त्याला वळसा घालून परत यायचं. आधी बायका सुटतात, त्या परतल्यावर पुरुष.

सकाळी कडाक्याची थंडी होती. गाडीच्या आडोशाला लल्ला आमच्या छातीवर नंबर लावत होत्या. हा आमच्या घरचा रिवाज. स्वतःचा नंबर स्वतः लावायचा नाही, घरातल्या मोठ्या बाईने लावायचा. चार पिना तोंडात धरून त्या एकेक टोचतात. दोर्साफचा नंबर लावून झाला होता. तिने दोन उड्या मारल्या, हात झटकले आणि रिकाम्या रस्त्यावर शंभर पावलं पळून परत आली. पायांचा आवाजसुद्धा आला नाही. तिथे उभे असलेले सगळे बघत राहिले. माझा नवराही.

"बघ गं वसीला," तो म्हणाला, "काय पोरगी आहे! तबारकल्लाह."

आमच्याकडे कुणाचं कौतुक केलं की मागोमाग हा शब्द म्हणायचाच. देवाची कृपा आहे, असं म्हणायचं, म्हणजे आपली नजर लागत नाही. शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं. आणि ज्या तोंडाने कौतुक केलं त्याच तोंडाने म्हणावं लागतं, दुसऱ्याने म्हणून चालत नाही.

दोर्साफ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. गाल लाल झाले होते. शाबासकीची वाट बघत होती, पहिल्या दिवसापासूनची सवय.

"किती छान धावतेस गं तू, दोर्साफ," मी म्हणाले.

आणि थांबले.

विसरले नाही. जिभेवर आला होता तो शब्द. मी दात मिटून घेतले.

लल्लांचा हात माझ्या छातीवर, पिनेवर थांबला. "पुढचं बोल," त्या पिनांमधून म्हणाल्या.

"पुढचं काय?"

"वसीला."

"लल्ला, बोलावतायत. उशीर होईल."

दोर्साफ हसली. "राहू द्या हो लल्ला, ताईची कसली नजर लागायची मला!" असं म्हणून तिने माझा हात धरला आणि मला ओढत नेलं. हात गरम होता तिचा.

पहिले तीन किलोमीटर आम्ही बरोबर होतो. मग ती सुटली. नेहमीसारखीच, काही जोर न लावता. पन्नास मीटर, शंभर, दोनशे. आमच्या मागे बाकीच्या बऱ्याच लांब होत्या. समोर रस्ता, त्याच्यावर तिची पाठ आणि पिवळा सदरा, बाकी काही नाही. मी त्या पाठीवर डोळे रोवले. किती छान धावतेस, किती छान धावतेस, असं प्रत्येक पावलाला मनात म्हणत होते. त्यात कौतुक नव्हतं. तळपायाची आग मस्तकाला गेली होती.

आठव्या किलोमीटरला ऊन वर आलं आणि रस्ता पुढे चकाकायला लागला. तिचे पाय दिसेनासे झाले. यात नवल काही नाही. मृगजळ कसं होतं, गार हवा, तापलेली हवा, वाकणारे किरण, हे मी फळ्यावर आकृती काढून शिकवते. गुडघ्यापासून वर ती दिसत होती, खाली नुसता उजेड. मग कमरेपासून वर. मग खांदे आणि डोकं. डोकं वरखाली होत नव्हतं. धावणाऱ्याचं होतं.

मग तेही दिसेना.

पुढे गेली असेल, मी म्हटलं. आता वळून येईल. परत येताना ती दर वेळी उजवा हात लांब करायची, मला टाळी द्यायला. या शर्यतीत सगळेच देतात. जाणारे आणि येणारे समोरासमोर आले की हातावर हात मारायचा. सहा शर्यती मी हसून ती टाळी दिली होती. दर वेळी घरी जाईपर्यंत तळहात झोंबायचा.

नऊ किलोमीटर. साडेनऊ. दहा. समोरून कुणी आलं नाही.

निळं पिंप दिसलं. शेजारी शेगडीवर चहा ठेवून दोन माणसं बसली होती. मला बघून दोघे उठले, टाळ्या वाजवायला लागले.

"पहिली! शाब्बास ताई, पहिली!"

"एक पुढे गेली ना? पिवळा सदरा?"

त्यांनी एकमेकांकडे बघितलं. "सकाळपासून तूच पहिली दिसतेयस," दोघांतला म्हातारा म्हणाला. "इथून कुणी जाईल तर आम्हाला दिसणार नाही होय? उंदीर गेला तरी दिसेल."

मी रस्त्याकडे बघितलं. दोन्हीकडे पांढरं मीठ, सपाट. लपायला जागा नाही, पडलं तरी मैलभरावरून दिसेल.

त्यांच्याकडे फोन होता. मी सांगायला हवं होतं. माझी जाऊ हरवली आहे, गाडी बोलवा, एवढं एक वाक्य. म्हाताऱ्याने पाण्याचा पेला पुढे केला, मी तो घेतला, दोन घोट प्याले.

मी पहिली आहे, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मी पिंपाला वळसा घातला आणि परत निघाले.

किलोमीटरभर गेल्यावर मागे पावलं ऐकू आली. जवळ. डांबरावर बुटांचा जसा आवाज होतो तसा नव्हता. मिठाचा पापुद्रा पायाखाली फुटतो तसा, करकर. मी वेग वाढवला, आवाजाने वाढवला. कमी केला, त्याने कमी केला. मी शिकवलेला श्वास होता तो, दोन पावलं आत, दोन पावलं बाहेर.

मी मागे बघितलं नाही. मागे बघितलं की वेळ जातो, हेही मीच शिकवलं होतं.

समोरून बायका यायला लागल्या. शेवटून दुसरी कौसर, लालबुंद, दात काढून हसत. तिने हात लांब केला. माझ्या हातावर टाळी दिली.

लगेच मागे दुसरी टाळी वाजली.

"शाब्बास गं दोघी!" कौसर ओरडली.

मी पळत राहिले.

पांढऱ्या रेषेवर फीत माझ्या छातीला लागली तेव्हा लोकांनी एकच गलका केला. रिधाने मला उचललं. लल्ला ब्लँकेट घेऊन उभ्या होत्या, पण मला गुंडाळायला पुढे आल्या नाहीत. माझ्या खांद्यावरून मागे बघत होत्या. मागे रिकामा रस्ता होता.

"ती कुठाय?"

मी म्हटलं, "मला वाटलं, पुढे आली."

हे मी लल्लांशी बोललेलं पहिलं धडधडीत खोटं.

मोहसिनने गाडी नेली. नवव्या किलोमीटरपाशी दोर्साफ सापडली, रस्त्यापासून दोनशे पावलांवर, आत मिठात, आमच्याकडे पाठ करून बसलेली. त्याच जागेवरून मी दोनदा गेले होते. दुखापत नव्हती, ताप नव्हता, डॉक्टर म्हणाला ऊन लागलं असेल. जानेवारीत. मोहसिन तिच्यापर्यंत गेला तेव्हा त्याचे पाय घोट्यापर्यंत पापुद्र्यात रुतले, जातानाची आणि येतानाची खोल भोकं मागे राहिली. तिच्या पावलांची एकही खूण नव्हती. ही गोष्ट तो एकदा बोलला, नंतर कधी बोलला नाही.

कौसर गाडीत माझ्या शेजारी बसली होती. बराच वेळ ती स्वतःचा उजवा तळहात पँटवर पुसत होती.

"किती गार हात होता गं तिचा," ती हळूच म्हणाली. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

दोर्साफने धावणं सोडलं. कारण सांगितलं नाही, कुणी फार विचारलंही नाही. घरात सगळं ती पूर्वीसारखंच करते, स्वयंपाक, हसणं, लल्लांचे पाय चेपणं. फक्त ती माझ्याकडे बघत बसते. मी भाजी चिरताना, वह्या तपासताना, बुटांच्या नाड्या बांधताना. मान वळवली की गोड हसते. वर्षभरात मी चार शर्यती जिंकले. फळीवर माझे चषक पुढे आलेत. ते तिनेच पुढे आणले, आणि रोज पुसतेही तीच.

यंदा जानेवारीत मला शोत्तला जायचं नव्हतं. गुडघा दुखतो म्हटलं. "असं कसं, ताई?" दोर्साफ म्हणाली. "मी येतेय ना बघायला." माझी पिशवी तिनेच भरली.

काल सकाळी तीच थंडी, तोच गाडीचा आडोसा. लल्ला तोंडात पिना धरून माझा नंबर लावत होत्या. तीन लावून झाल्या होत्या. मी अंग गरम करायला शंभर पावलं पळून आले होते, लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

दोर्साफ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने माझ्या गालावर तळहात ठेवला. बर्फासारखा.

"किती छान धावतेस गं तू, वसीला," ती म्हणाली.

एवढ्या वर्षांत तिने मला नावाने हाक मारली नव्हती.

मी थांबले. ती हसत होती. तिकडे बायकांना बोलावत होते.

"पुढचं बोल," मी म्हणाले. "दोर्साफ, पुढचं बोल गं."

"पुढचं काय?"

मी लल्लांकडे बघितलं. त्यांनी चौथी पिन नीट लावली, कापड सारखं केलं, आणि मला रस्त्याकडे वळवलं.