कोरडी ओकारी

सदतीस-अडतीस साल असेल. वैशाखातली भरदुपार. रामकिसन जेवून ओसरीवर जरा आडवा झाला, आणि थोड्या वेळानं उठून बसला तो पोट धरूनच. साठी उलटलेला, पण दगड खाऊन पचवणारा गडी. आता बरगड्यांखाली पोट टम्म फुगलेलं, ओकारीवर ओकारी येत होती, आणि बाहेर मात्र थेंब पडत नव्हता.

"बेंबी सरकली असन," त्याची बायको गोजराबाई म्हणाली. "बलावू का चोळणारीले?"

"नाई. दमणी जुंपाले सांग. कारंज्याले जाऊ."

त्याला एवढं कसं कळलं, हे तिनं विचारलं नाही, बरंच केलं. हा आवाज त्यानं आधी ऐकला होता. दोन वर्षांमागं, असाच उन्हाळा, मधे एक मातीची भिंत, आणि पलीकडे त्याचा थोरला भाऊ मारोतराव. शेताच्या धुऱ्यावरून, बांधाच्या भांडणातून, दोघांचा अबोला होता. कोरड्या ओकाऱ्यांनी गळून गेलेल्या मारोतरावानंच शेवटी भिंतीआडून हाक दिली, "रामा, तुही दमणी दे रे... दवाखान्यात जातो." दमणी अंगणात होती, बैल दावणीला होते. रामकिसन म्हणाला, "बेंबी चोळून घे," आणि डोळे मिटून पडला. झोप कसली येते मेल्याला! दिवेलागणीला पलीकडे रडारड झाली. मग हा गावभर सांगत फिरला, बैल लंगडत होता म्हणून.

आता त्याच दमणीत तो पडला होता. दुखत होतंच, पण त्याहून लाज जाळत होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, तरी त्यानं उपरणं तोंडावर ओढून घेतलं. मधेच त्याची ओकारी थांबायची, आणि तरी आवाज चालूच राहायचा... जवळून, अगदी कानाशी.

"गोजरा... कोन ओकून राह्यलं?"

"तुमीच तं," ती म्हणाली, आणि अंग चोरून गाडीवानाकडे सरकली.

कारंज्याला नागपुरात शिकलेले एक डॉक्टर होते. त्यांनी घशातून रबरी नळी घातली, ती छातीखालीच अडली, पुढं जाईना. "जठराला पीळ पडलाय," ते म्हणाले. "पोट उघडून सोडवावा लागेल, आत्ताच. नाहीतर आतून सडेल."

"येळेवर आनलं... तं वाचते का मानूस?"

"वाचू शकतो."

रामकिसननं मान फिरवली. मग नाकावर फडकं आलं, त्याचा गोडसर वास आला, आणि सगळं विझलं.

जाग आली तेव्हा ऊन खिडकीतून उतरलं होतं. "पीळ सोडवला," डॉक्टर म्हणाले. "पुन्हा फिरू नये म्हणून जठर टाक्यांनी बांधून ठेवलंय. वाचलात. भूल कमी पडली, तुम्ही पाय झाडत होतात. तुमच्या भावानं धरले म्हणून बरं."

गोजराबाईनं तोंडाला पदर लावला. दमणीतून तर ते दोघं आणि गाडीवान, एवढेच आले होते.

"भाऊ...?"

"चेहरा तुमचाच, म्हणून मी आत येऊ दिलं. एकच विचारत होते, 'माह्यं पोट कवा पाहासान?' म्हटलं, याचं होऊ द्या, मग तुमचंच. बसलेत बाहेर बाकड्यावर." त्यांनी दार उघडलं. "या बाबा."

बाकडं करकरलं. अनवाणी पावलं आत आली, खाटेपाशी थांबली.

"रामा..."

दादा म्हणायचं होतं. पाय धरायचे होते. पण लाजेनं जीभच उचलली नाही, आणि रामकिसननं याही वेळी डोळे गच्च मिटून घेतले.

"कधीपासून दुखतंय?" डॉक्टरांनी त्या माणसाला विचारलं.

"दोन वर्सं झाले, साहेब. दमणी आज भेटली."