चाळीसच्या चाळीस शेगडीत घाला!

पुस्तक शेगडीत भिरकावणार, तोच कुणीतरी माझं मनगट धरलं.

“अहो, अहो! लायब्ररीचं आहे ते!”

मी वळून पाहिलं. मघाशी स्कीवरून धापा टाकत आलेला तो दाढीवाला. आमच्या लॅपलंडच्या रानातल्या या खोपीला कुलूप नसतं, येईल त्याची. झोपायला दोनच फळ्या. एकीवर सकाळपासून मी, दुसरीवर आता हा. हात मात्र अजून माझ्या मनगटावरच…

“सोडा,” मी म्हटलं. त्याचे कान लाल झाले.

“एवढं काय केलंय त्या पुस्तकानं?”

विचारलंस ना? मग ऐक! “हा सोळा वर्षांचा नायक हिमवादळात सापडतो. तहान लागली की बर्फ खातो — बर्फ! अंगातली होती नव्हती ती ऊब घालवतो. खोपी सापडते, तर बाहेर लाकडांचा ढीग असताना हा बाकडं फोडून जाळतो. आणि दारावर एक मुलगी थाप मारते, तर आतून म्हणतो, ‘जागा नाही!’ वर शेवटी अख्खं गाव याला डोक्यावर घेऊन नाचतं. लेखकाला लाज कशी वाटली नाही? इथल्या खोपीची लाकडं दर हिवाळ्यात माझे बाबा आणून टाकतात, माहितीय?”

“मला… आवडलं ते,” तो हळूच म्हणाला. “रडलोसुद्धा.”

“रडलात?”

“मी इल्मो. शाळेतला नवा शिक्षक, तुर्कू शहरातून आलोय. तुम्ही?”

“साइमी. विषय बदलू नका.”

त्यानं पुस्तकाकडे बोट केलं. “आठवीसाठी याच्या चाळीस प्रती मागवल्यात. सोमवारी वाटायच्यात.”

“माझी भाची इंका आठवीत आहे!” म्हणजे उद्या ती बर्फ खाणार, दार लावून घेणार! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “चाळीसच्या चाळीस शेगडीत घाला!” म्हणत मी त्याच्यासाठी ओतलेल्या कॉफीत चीजचा तुकडा आपटला. कितीही राग आला तरी पाहुण्याला चीज घातल्याशिवाय कॉफी देत नाहीत आमच्याकडे.

त्यानं तो तुकडा संशयानं ढवळला, खाल्ला… आणि हसला. दाढीतूनसुद्धा खळी दिसते मेल्याची!

“गोष्टच आहे हो ती. घाबरला असेल पोरगा.”

“घाबरू दे की! म्हणून दार उघडायचं नाही?”

तेवढ्यात खरंच थाप पडली. मी दार उघडलं. एक म्हातारी लंगडत आत आली; टाचेला हा एवढा फोड. मी पिशवी आवरायला घेतली.

“तुम्ही कुठे निघालात?” इल्मो गडबडला.

“जो आधी आला तो आधी उठतो. जागा दमून आलेल्याची. पुढची खोपी सहा किलोमीटरवर आहे.”

“मी जातो ना! तुम्ही बसा.”

“उपकार नकोत. पाळी माझी आहे.”

बाहेर येऊन मी स्की चढवल्या. बघते तर हाही चढवतोय! दारातून म्हातारी ओरडली, “अरे पोरा, तू कशाला? तुझी पाळी नाही!”

“असू दे, आजी.”

दोन किलोमीटर आम्ही पुढेमागे स्की करत गेलो. मग भूर्जाच्या झाडांपाशी तो थांबला.

“मी का रडलो, सांगू? वाटलं… त्या पोराच्या जागी मीही दार उघडलं नसतं. मी भित्रा आहे, साइमी.”

“मग त्याला एकदा तरी लाज वाटायला हवी होती!” मी ओरडले. “एक ओळ! एक ओळ तरी लिहायची!”

“तुम्ही ओरडेपर्यंत ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं.” तो बर्फात काठी टोचत राहिला. “पुस्तक वाटेन. पण ती ओळ मुलांकडून लिहून घेईन. इंकाकडूनसुद्धा.”

आता या माणसाशी भांडायचं तरी कशावरून? मी उगाचच तुसडेपणानं विचारलं, “आणि मघाशी थाप पडली तेव्हा? घाबरलात?”

“थाप पडली तेव्हा नाही…” त्यानं वर पाहिलं. “तुम्ही पिशवी उचललीत ना, तेव्हा.”

माणूस एवढा संतापलेला असताना असं बोलायचं असतं का? माझे गाल थंडीतही भाजायला लागले.

“मला राग फार येतो,” मी बजावलं. “रोज येतो!”

“येऊ दे.”

“आणि ऐकून ठेव,” मी जवळजवळ किंचाळलेच, “तू मला आवडलायस! आणि त्याचाही मला भयंकर राग आलाय!”