माणिकरावांच्या नावाची गाडी

दिवा जरा इकडं सरकवा, आणि तो फोन पालथा ठेवा. हसू नका बाबांनो. विमलबाईची गोष्ट ऐकली की तुम्ही आपणहून ठेवाल.

विमलबाई आमच्या इचोड्याची. हमरस्त्यावरच्या ढाब्यांच्या मागं तिचं घर. नवरा माणिकराव दोन वर्षांमागं गेला आणि एकुलती हर्षाली हैदराबादेत शिकायला. त्या थंडीत पोरगी ताप घेऊन घरी आली. आधी अंगदुखी, मग बडबड, मग बोलणंच बंद. आदिलाबादच्या दवाखान्यात नेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, ताप मेंदूत गेला. जाऊ कुमुदिनी पोरीच्या उशाशी बसली आणि विमलबाई दुपारी घरी आली. काम काय, तर तांदळाची पेज करायची, धुतलेली चादर घ्यायची, देवाजवळ दिवा लावायचा आणि परत फिरायचं.

तिन्हीसांज होत आली, पेज उतरवत होती तोच कुमुदिनीचा फोन.

"वैनी, निघा लवकर. डॉक्टर माय कुठं, माय कुठं करून राह्यले."

झालं. डबा तसाच चुलीपाशी राहिला. चौकात आली तर बस निघून गेलेली, पुढची कधी ते कोणी सांगेना. वर धुकं असं उतरलेलं की समोरच्या ढाब्याचा दिवासुद्धा पिवळा डाग दिसत होता. मग तिनं फोन काढला आणि गाडी बोलावली.

आता हा फोन माणिकरावांचा, बरं का. गाडी बोलवायचं ॲप पोरीनं बाप जिता असतानाच त्यावर बसवलेलं. मायबापाला पुढ्यात बसवून मास्तरणीसारखं शिकवलंही होतं. "गाडीचा नंबर पाह्याचा. डायव्हरचा चेहरा फोटोशी जुळवाचा. आपलं नाव आपन सांगाचं नाही, त्याच्या तोंडून येऊ द्याचं. आन् बाबा, ओटीपी? बसल्यावर! बसल्याबिगर नाही म्हंजे नाही." माणिकराव मिशीत हसायचे. पोट्टीचं कौतुक फार. तिच्याशिवाय घास गिळवत नसे त्या माणसाला.

आणि तोच माणूस तिला न भेटता गेला. पोरीची परीक्षा चालू, इकडं छातीत कळ आली. "हर्षाली निघाली काय? कुठवर आली?" हेच विचारत विचारत डोळे मिटले. पोरगी पोचली तेव्हा चिता विझलेली होती. दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना, शेवटी दर्भाचा कावळा करून भागवलं. लोक म्हणालेच, जीव पोरीत अडकला.

फोन विमलबाईकडं आला. हर्षाली म्हणायची, "आई, नाव बदलू दे. गाडी तुह्या नावानं येऊ दे." ही ऐकेल तर शपथ! "राहू दे माय, कोनाचं काय जाते?"

खरं कारण वेगळंच होतं. आमच्याकडच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. हिनं लग्नात उखाण्यात एकदा घेतलं, तेवढंच. नवरा गेल्यावर घरात ते नाव उच्चारणारं कोणी उरलं नाही. पण गाडी आली की डायव्हर काच खाली करून विचारी, "माणिकराव?" भर रस्त्यात, मोठ्यानं, जित्या माणसाला पुकारावं तसं. विमलबाई मान हलवी आणि मागच्या सीटवर बसून डोळे पुसत जाई. पायी चालण्याजोगी वाट असली तरी कधीकधी गाडीच बोलवी. वेडेपणा म्हणा. तुमचं माणूस गेलं नसेल तर तुम्हाला नाही कळायचं.

तर त्या तिन्हीसांजेला फोन वाजला. डायव्हर प्रवीण. आवाजावरून पोरसवदा वाटला.

"मावशी, मी रस्त्याच्या पलीकडं आहो. इथं थांबू देऊन नाही राह्यले. तुमी ओटीपी सांगून द्या, या तवर फेरी चालू करून ठेवतो."

बसल्याबिगर नाही म्हंजे नाही. पोरीचे शब्द आठवले हो तिला! पण तीच पोर तिकडं शेवटच्या घटका मोजत असताना कुठला नियम धरून बसेल माय? तिनं नंबर सांगून टाकला. मधून ट्रकांची रांग चाललेली, पलीकडं काही दिसेना. मग प्रवीणनं काचेतून तोंड काढून हाक मारली. तिला ती दोनदा ऐकू आली, एकदा कानाला धरलेल्या फोनात आणि एकदा धुक्यातून.

"माणिकराव! ओ माणिकराव!"

विमलबाईचा जीव त्या एवढ्या काळजीतही क्षणभर निवला. उभी राहिली ऐकत. तिथंच चुकलं. कारण तिनं ओ दिला नाही.

ओ दुसऱ्या कोणीतरी दिला.

गाडीचं दार उघडल्याचा आवाज फोनात आला, मग लागल्याचा. प्रवीण कोणाला तरी म्हणाला, "बसा काका." ट्रक सरकले तेव्हा पलीकडं रस्ता मोकळा पडलेला.

"अरे थांब! मी इथंच हाओ!" ती ओरडली. "कोन बसलं तुह्या गाडीत?"

"काका बसले ना, मावशी. नाव विचारलं, हाव म्हनले. तुमी मागून येनार म्हने..."

"कसे दिसतात? सांग बाप्पा, कसे दिसतात?"

"आरशात नीट दिसून नाही राह्यले. काचा उघड्या ठेवल्या मी... जळल्यावानी वास येऊन राह्यला. पन बोलतात ना. म्हनतात, पोट्टीला भेटाचं राहून गेलं."

फोन कटला. पडद्यावरची इवलीशी गाडी आदिलाबादच्या दिशेनं सरकू लागली.

विमलबाई रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. एका ट्रकवाल्यानं करकचून ब्रेक दाबला, चार शिव्या दिल्या आणि तिचं तोंड पाहून दार उघडलं. "बैठो अम्मा." वाटेतलं गुडीहत्नूर गाव मागं पडलं तरी पडद्यावरची गाडी पुढंच. तिनं कुमुदिनीला फोन लावला.

"दार लावून घे. कोनालेच आत येऊ देऊ नको. कोनी म्हनलं मी तिचा बाप आहो, तरी नाही!"

"वैनी, काय बोलून राह्यल्या तुमी..." कुमुदिनी रडकुंडीला आली. मग हळूच म्हणाली, "हर्षालीनं आत्ताच डोळे उघडले. दाराकडं पाहून राह्यली."

विमलबाईनं प्रवीणला परत फोन लावला. उचलला गेला, पण पलीकडं नुसता गाडीचा आवाज आणि काचेतून येणारा वारा. ती म्हणाली, "ऐका हो... ऐकून घ्या..." तेवढ्यानं ऐकतं होय कोणी? मग त्या बाईनं उखाण्याशिवाय कधी न घेतलेलं नाव घेतलं. ट्रकवाला दचकला एवढ्या मोठ्यानं घेतलं.

"माणिकराव! माह्या एकटीचं काय? पोरीले नेऊ नका. पाया पडतो तुमच्या."

पलीकडं वारा थांबला. कोणीतरी अगदी फोनाला तोंड लावून म्हणालं, "ओ." आणि मग, "तू ये मागून."

दवाखान्याचा जिना ती कशी चढली तिलाच ठाऊक नाही. वॉर्डात कुमुदिनी दाराला पाठ लावून उभी. हर्षाली पलंगावर, छाती वरखाली होत होती. जिती होती! विमलबाईनं तिचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. हात गरम होता. आले मी माय, आले, असं म्हणत ती रडली, अगदी मोकळी होऊन रडली.

फोन वाजला.

"मावशी," प्रवीणचा आवाज बसलेला, जसा काही रडून आला होता. "दवाखान्याच्या खाली आहो मी. तुमच्याच फोनवरून परतीची फेरी पडली. काका उतरलेच नाही... म्हनतात, अजून एक सवारी हाय. ओटीपी सांगा ना, मावशी. मले घरी जाऊ द्या."

पडद्यावर चार आकडे आलेले. जायचं ठिकाण मात्र कोरं. विमलबाईनं ओठ दाताखाली दाबले, रक्त येईतो. "नाही सांगत," ती म्हणाली. "मेली तरी नाही सांगत."

पलीकडं गाडीचं दार उघडल्याचा आवाज आला, मग लागल्याचा. मग प्रवीण अगदी हळू म्हणाला,

"राहू द्या मावशी... ताईनं सांगितला."

हर्षालीचा हात हातातच होता. ओठ हललेले नव्हते. कुमुदिनीनं खिडकीतून वाकून पाहिलं, तर खाली धुकं आणि चहाची टपरी. डॉक्टर धावत आले, छाती दाबली, सगळं केलं. मग घड्याळाकडं पाहून नर्सनं पांढरी चादर ओढली.

प्रवीणची गाडी पोलिसांना आजवर सापडली नाही. मुधोळकडचा होता म्हणतात, त्याची माय अजून चौकीवर खेटे घालते. आणि विमलबाईच्या फोनवर ती फेरी संपलेली नाही, गाडी चालूच दिसते. कोणी म्हटलं फेकून दे, तर अंगावर येते. तिला एकच आधार उरला होता, की पोरगी निदान बापाजवळ आहे. दोघं भेटली, चला, बरं झालं, असं ती स्वतःलाच सांगायची. आम्हीही मान डोलवायचो, दुसरं काय करणार?

रोज तिन्हीसांजेला ती प्रवीणचा नंबर लावायची. कधी लागत नसे. परवा लागला. मी तिथंच बसलो होतो म्हणून सांगतो. तिनं फोन कानाला लावला, मीही कान जवळ नेला, आणि गाडीच्या आवाजातून तिच्या पोरीचा आवाज आला. अगदी दबका, गाडीत शेजारी बसलेल्याला कळू नये असा.

"आई... मी चेहरा पाह्यलाच नव्हता गं बसताना. हे बाबा नाहीत."