तीन नंबरची मशीन

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या. मला कुणाची करमणूक करायची नाही. दहा वर्षं मूग गिळून बसले होते, आता बसवत नाही म्हणून लिहितेय.

आणि हो, अमावस्या वगैरे काही नव्हती.

शुक्रवार, २० ऑगस्ट १९९९. भर दुपार. एक वाजून दहा मिनिटं. जागा, पिंपळगाव बसवंतचं एक कोल्ड स्टोरेज. नाव सांगणार नाही.

मी तिथे क्लार्क होते. नाशिकहून, इंदिरानगरातून, रोज एसटीने जायचे. पत्रं टाइप करायची आणि कामगारांच्या हजेरीचं मस्टर भरायचं, हे माझं काम.

मशीन रूमवर सहादू मामा होता. पन्नाशीचा, बारीक, कायम तेलकट हातांचा. खोल्या थंड ठेवणाऱ्या तीन मोठ्या अमोनियाच्या मशीनी त्याच्या ताब्यात. आणि खिशात माऊथ ऑर्गन. इगतपुरीच्या रेल्वे कॉलनीत एका अँग्लो-इंडियन ड्रायव्हरने त्याला तरुणपणी ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या मजुरांचं दुःखाचं संगीत, शिकवलं होतं. पिंपळगावात ब्लूज! कुणाला सांगितलं तर वेड्यात काढतील.

मी लहानपणी पेटी शिकलेली. मामाचं ऐकून मीही एक माऊथ ऑर्गन घेतला आणि शिकव म्हणून त्याच्या मागेच लागले.

माझी चूक त्याने पहिल्याच दिवशी पकडली. आपल्याकडे सा एकदा धरला की धरला. वर काहीही वाजवा, सा हलत नाही. ब्लूजमध्ये खालचा कॉर्ड, म्हणजे साथीला एकत्र धरलेले सूर, तोच बदलतो. आत्ता गोड लागलेला सूर पुढच्या क्षणी दाताखाली खडा आल्यासारखा लागतो.

"तुझा सा सोड पोरी," मामा म्हणायचा. "खालची मशीन काय म्हनती ते ऐक."

खरंच मशीनच म्हणायचा तो. आमच्याकडे गिटार कुठून येणार? पण तिन्ही मशीनींची घरघर वेगवेगळ्या सुरात होती आणि मामा त्यांना आळीपाळीने विसावा द्यायचा. एका वेळी एकच चालू, बाकी दोन बंद. त्याने त्यांचेच तीन कॉर्ड केले होते. एकेक कॉर्ड अर्धा-अर्धा तास चालायचा. शिकणाऱ्याला याहून काय पाहिजे?

एक नंबर चालू असली की दुसरं भोक ओढायचं. फुंकायचं नाही, श्वास आत घ्यायचा. तिसरं ओढताना जीभ मागे घेऊन सूर खाली दाबायचा, रडका करायचा. दोन नंबर लागली की चौथं फुंकून तिथे टेकायचं. मग तोच रडका सूर आणला की अंगावर काटा यायचा.

"आन तीन नंबर?" मी त्याच्यासारखंच बोलून त्याला चिडवायचे.

"गान्यात तीन नंबरचा कॉर्ड थोडाच येळ लागतो. एक नंबरच्या घरी परतायच्या आधी. त्याचे सूर लय अवघड. दोन पक्के कर, मंग सांगतो."

ते सांगणं राहूनच गेलं.

१३ एप्रिल १९९९, मंगळवार. द्राक्षांचा शेवटचा माल होता. कंटेनर दारात लागलेला. अकराच्या सुमारास तीन नंबरचा पाइप फुटला. अमोनियाने डोळे उघडेनात, सगळे बाहेर पळाले. मामा आत गेला, कारण व्हॉल्व्ह बंद केला नसता तर वास सगळ्या मालाला लागला असता. व्हॉल्व्ह बंद झाला. मामा बाहेर आला नाही.

कुणीतरी फायर ब्रिगेडला फोन करायला धावलं. शेठने फोनवर हात ठेवला.

"आधी कंटेनर जाऊ दे."

पाऊण तास! कंटेनर गेला, मग मामाला काढलं. टेम्पोत घातलं आणि हायवेच्या कडेला नेऊन ठेवलं. दारू पिऊन पडला म्हणे. आयुष्यात ज्याने तंबाखूसुद्धा खाल्ली नाही, तो!

संध्याकाळी शेठने मला केबिनमध्ये बोलावलं. मस्टर त्याच्या टेबलावर उघडंच होतं.

"शुभांगी, सहादूच्या नावापुढे आज रजा लिही. तो आलाच नव्हता."

तळपायाची आग मस्तकात गेली होती. तरी मी लिहिलं. घरात माझा एकटीचाच पगार होता, हे कारण मी तेव्हापासून स्वतःला सांगत आलेय. कारण खरं आहे. त्याने काही बदलत नाही.

तिसऱ्या दिवशी मामाची बायको साळूबाई आली. ऑफिसच्या दारात उभी राहिली, आत आली नाही.

"बाई, माझ्यासमोर डबा घिऊन निघाला वो. तुमी तरी सांगा. कामावर आल्ता ना?"

मी म्हणाले, "मला माहीत नाही."

ती गेली आणि तिने सरकारात अर्ज केला. मला बरं वाटलं. बघा कशी माणसं असतो आपण. लढायला साळूबाई, आणि बरं वाटायला मी.

तीन नंबर कायमची बंद झाली. शेठने तिचे पट्टे काढले, वायर तोडली. ऑगस्टमध्ये बेदाण्यासाठी दोनच मशीनी चालायच्या. त्यांच्यावर आता धोंडीराम नावाचा ऑपरेटर होता.

त्या शुक्रवारी त्याने एक नंबर थांबवली आणि जेवायला बाहेर गेला. परत आल्यावर तो दोन नंबर लावणार होता. मी मशीन रूमच्या पायरीवर बसले. एप्रिलपासून पहिल्यांदाच माऊथ ऑर्गन काढला.

सगळं गप्प होतं. इतकं गप्प की भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं.

आणि मग...

घरघर सुरू झाली.

एक नंबरची नव्हती. दोनचीही नव्हती.

मी वळून पाहिलं. तीन नंबरचं चाक स्थिर होतं. पट्टे नव्हतेच. मी उठून तिच्यावर हात ठेवला. लोखंड गार, जरासुद्धा थरथर नाही. आवाज मात्र तिथूनच येत होता.

मी पळायला हवं होतं. पण मला भीतीआधी राग आला. मेल्यावर शिकवायला आलास? जिवंतपणी उद्या-उद्या करत राहिलास आणि त्या हरामखोराच्या मालासाठी आत गेलास?

रागारागाने मी दुसरं भोक ओढलं.

घरघर... बंद.

सोडलं. पुन्हा सुरू.

पाचवं फुंकलं. बंद.

मग चौथं भोक ओढलं...

घरघर चालूच राहिली.

त्याच श्वासात पुढचं, पाचवं ओढलं. असा रडका, असा संतापलेला सूर मी कधी ऐकला नव्हता. खालची घरघर त्याला घट्ट धरून राहिली. श्वास संपेपर्यंत.

मग डोळे झोंबले. अमोनिया! मी ओरडतच बाहेर पळाले. धोंडीराम डबा टाकून धावत आला, आत जाऊन सगळं तपासून आला.

"ताई, आत काय बी नाय. वास बी नाय."

त्याचे डोळे कोरडे होते. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

यानंतर दोन आठवडे, धोंडीराम जेवायला गेला की हेच. चौथं ओढ, पाचवं ओढ. चुकलं की आवाज गप्प. मी शिकत गेले. मला वाटलं, राहिलेला धडा पुरा करतोय मामा. माझ्यावर त्याचा राग नाही. किती सोयीचं वाटलं होतं मला ते!

सप्टेंबरात साळूबाईच्या अर्जावर सरकारी इन्स्पेक्टर आले. शेठ त्यांच्या शेजारी. साळूबाई दारात, या वेळीही बाहेरच. इन्स्पेक्टरांनी मस्टर पाहिलं आणि मला विचारलं, "ही नोंद तुमची? १३ एप्रिलला हा माणूस कामावर होता की नव्हता?"

मी तोंड उघडलं.

आणि पलीकडून... तीन नंबर लागली.

इन्स्पेक्टरांनी मान वळवली. "किती मशीनी चालू आहेत?"

"दोन, साहेब. आज दोन्ही लावल्यात," शेठ म्हणाला.

"तीन ऐकू येतायत."

शेठ हसला. त्याला काहीच ऐकू येत नव्हतं. साळूबाईला येत होतं. तिने दाराची चौकट धरली होती आणि माझ्याकडे बघत होती.

इन्स्पेक्टर म्हणाले, "बोला, बाई."

घरघर वाढत गेली. टेबलावरचा पाण्याचा ग्लास थरथरायला लागला. मला कळलं, हा धडा नव्हताच. दोन आठवडे तो एकच गोष्ट सांगत होता, चूक काय आणि बरोबर काय. आणि आता उत्तर मागत होता.

मी म्हणाले, "मामा रजेवर होता."

बंद.

एका क्षणात. ग्लाससुद्धा थांबला. इन्स्पेक्टरांनी लिहून घेतलं आणि साळूबाई निघून गेली.

माझी जीभ कुणीतरी धरली होती, असं लिहायला मला आवडलं असतं. जीभ माझीच होती.

महिनाभरात मी नोकरी सोडली. त्या दिवसापासून माझ्या माऊथ ऑर्गनचं चौथं आणि पाचवं भोक ओढलं तर आवाज येत नाही. नवे तीन घेतले. तेच. दुकानदार माझ्यासमोर वाजवून दाखवतो, खणखणीत वाजतो. माझ्या ओठाला लावला की नुसती हवा.

शेठचं आता दुसरं, मोठं कोल्ड स्टोरेज आहे. तो ठणठणीत आहे. भुतं त्याच्याकडे का जात नाहीत, हे मला कुणीतरी सांगा! साळूबाई गेल्या महिन्यात वारली. शेवटपर्यंत तिला लोक दारुड्याची बायको म्हणत राहिले.

म्हणून आता, दहा वर्षांनी, उशिरा का होईना, लिहिते.

१३ एप्रिल १९९९. सहादू मामा कामावर हजर होता. आत मेला. रजा मी लिहिली.

लिहून तासभर झाला. माऊथ ऑर्गन ओठाला लावून चौथं भोक ओढतेय.

नुसती हवा येतेय.