ठीक आहे, डॉक्टर

हसायचं असेल त्याने आत्ताच हसून घ्या, पोरांनो. ही ऐकीव गोष्ट नाही. डॉक्टर माझा सख्खा शेजारी.

सैन्यात होता तेव्हा जखमा शिवायचा. एकदा विमान घेऊन उंच गेलेल्या एका वैमानिकाची जमिनीवरून विचारपूस करत होता. ते पोरगं शेवटपर्यंत "ठीक आहे, डॉक्टर" म्हणत राहिलं आणि विमानासकट गेलं. उंचावर हवा विरळ. ती कमी पडली की माणूस घाबरत नाही, उलट खुशीत येतो. डॉक्टरच्या मनाला ते फार लागलं. टाके घालणं सोडून तो वैमानिकांचाच डॉक्टर झाला.

त्याच्या ताब्यात एक लोखंडी खोली होती. उंचावर काय होतं ते शिकवायला वैमानिक आत बसवायचे, हवा काढत जायची, बाहेरून कानाला यंत्र लावून बोलत राहायचं. आत कायम दोघं असलीच पाहिजेत, एकमेकांवर लक्ष ठेवायला. हा नियम त्याचाच.

गेल्या जानेवारीतला शेवटचा रविवार, रात्रीचे साडेअकरा. खोली नुकतीच दुरुस्त झालेली, सकाळी नवी तुकडी यायची होती. एकदा चालवून बघणं भाग होतं. सोबत मुलगा, एकुलता एक, तोही वैमानिकच.

"मी बसतो की आत."

"एकट्याने नाही."

"तुम्ही आहात ना बाहेर, बाबा."

लेकापुढे बापाचं काय चालतं? तोंडाला ऑक्सिजनचा मास्क लावून बसवला.

दार लागलं. हवा कमी होऊ लागली. काचेवर आतून धुकं धरलं आणि मुलगा दिसेना. उरला कानातला आवाज.

"कसा आहेस?"

"ठीक आहे, बाबा. आईला सांगू नका, माझा जीव खाईल."

डॉक्टर हसला. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं.

"ठीक आहे."

आवाज मुलाचाच. तरी...

"कसा आहेस रे?"

"ठीक आहे, डॉक्टर."

मुलाने त्याला जन्मात डॉक्टर म्हटलं नव्हतं.

"बाबा म्हण."

...

"बाबा म्हण, राजा."

"ठीक आहे, डॉक्टर."

डॉक्टरने हवा आत सोडली. आत हवा भरेपर्यंत दार उघडत नाही. तो नुसता उभा. कानात तेच. ठीक आहे. ठीक आहे. अगदी खुशीत.

दार उघडलं. मुलगा खाली पडलेला. निळा. मास्क निघालेला. बापाने तोंडाला तोंड लावून श्वास दिला. पोरगं वाचलं म्हणा.

शुद्धीवर आल्यावर एवढंच बोललं. "मी ओरडत होतो, बाबा. तोंडावर हात होता."

हल्ली त्या मुलाने दाढी राखलीय. दिसला तर नीट बघा. एका गालावरून दुसऱ्या गालापर्यंत एका पट्ट्यात केस उगवत नाहीत. पंजाएवढी जागा आहे. बोटं वेगवेगळी दिसतात.